ब्रेक नवे, तरी गाडी थांबेना: कोरेगावच्या माळावरच्या एका मोटोक्रॉस गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे. रोजचं काम स्प्लेंडर-युनिकॉर्नचं, पण गेली काही वर्षं मातीत पळवायच्या गाड्याही येतात. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या उड्यांच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींची, फेरी झाली. ती बघून आलेल्या पोरांपैकी निदान चार-पाच जणांनी नंतर माझ्याकडे गाड्या आणल्या. हे प्रकरण त्यातल्याच एकाचं. नाव आणि गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पोरगा १९ वर्षांचा, वजन ५७ किलो, घर कोरेगाव तालुक्यात. वडिलांची आल्याची शेती. एका वर्षी आल्याला भाव चांगला मिळाला आणि तात्यांनी पोराला पुण्याहून २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी सेकंडहँड घेऊन दिली. आधीचा मालक अंगाने भारी होता, ९० किलोच्या आसपासचा. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली होती. तिचा अर्थ लागायला मला दोन महिने लागले.

सरावाचा ट्रॅक म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा मुरमाड माळ. वरच्या अंगाला पिवळट मुरूम, खालच्या वळणांत काळी माती. टँकरने पाणी मारलं की सकाळी नऊपर्यंत ट्रॅक झकास असतो. अकरानंतर काळी माती सुकते आणि चाकांनी पाडलेले खड्डे विटेसारखे घट्ट होतात.

अडचण

त्या ट्रॅकवर एक उताराचा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी डावीकडे बंद वळण. प्रत्येक गाडी तिथे एकाच जागी ब्रेक लावते. चाकं माती खणत जातात आणि वळणाच्या आधी आडव्या लाटा तयार होतात. पोरं त्यांना ब्रेकिंग बंप म्हणतात. मी टेप लावून मोजल्या. साधारण १५ मीटरच्या पट्ट्यात ११ लाटा, दोन माथ्यांतलं अंतर सरासरी १.४ मीटर, खोल असेल तिथे वीतभर खोली.

पोराची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगतो. "दादा, ब्रेकच लागत न्हाय. पॅडल दाबलं की गाडी बंद पडती, न्हायतर माग्नं उचालती. आन पंधरा मिंटांनी पॅडल खालीच जातंय." एवढ्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आल्या होत्या. मी मात्र त्यातलं पहिलंच वाक्य धरलं, ब्रेक लागत नाही.

त्या पट्ट्यावर तो ताशी ५५ च्या वेगाने यायचा आणि वळणात शिरायला वेग २०-२२ पर्यंत उतरवावा लागायचा. त्यासाठी तो २८ मीटर आधीपासून ब्रेक लावायला लागायचा. बरोबरची पोरं त्याच्यापेक्षा पाच-सहा मीटर पुढे जाऊन ब्रेक लावायची आणि आतून निघून जायची.

समोरचे पर्याय

तात्या गॅरेजवर आले तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. "मेस्त्री, पैशाचं बघू नका. मोठी डिस्क टाका. पोरगं सुखरूप थांबलं पायजे." कोणीतरी त्यांना बाहेरून येणाऱ्या मोठ्या डिस्कच्या किटचं सांगितलं होतं. खर्च तीस हजारांच्या वर.

माझ्यापुढे चार वाटा होत्या. मोठी डिस्क टाकणं ही पहिली. आहे त्याच ब्रेकची नीट दुरुस्ती करून चांगले पॅड आणि चांगला पाइप टाकणं ही दुसरी. ब्रेकला हात न लावता आधी सस्पेन्शन तपासणं ही तिसरी. आणि पोराची चालवण्याची पद्धत बघणं ही चौथी.

मोठी डिस्क मी तिथेच नाकारली, आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो. आजच्या मोटोक्रॉस गाड्यांत पुढची डिस्क २६० ते २७० मिलिमीटरची येते. शंभर-एकशेदहा किलोच्या गाडीला, मातीत, एवढी डिस्क पुरून उरते. ब्रेकची ताकद कमी पडत असती तर पुढचा लिव्हर पूर्ण दाबूनही चाक फिरत राहिलं असतं. इथे चाक लॉक होत होतं. लॉक होणाऱ्या चाकाला आणखी ताकद देऊन काय मिळणार?

एवढा विचार केला होता, तर पुढचं पाऊल तिसऱ्या वाटेवर पडायला हवं होतं. ते पडलं दुसऱ्या वाटेवर.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

पुढचं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडलं. स्लाइड पिन सुकल्या होत्या आणि पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड टाकले, जुन्या रबरी पाइपच्या जागी स्टीलच्या जाळीचा पाइप बसवला, नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरून हवा काढली. लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. एका बोटात गाडी थांबायला लागली. गॅरेजसमोरच्या डांबरी रस्त्यावर मी स्वतः चालवून बघितली आणि समाधानाने गाडी दिली.

डांबरावर बघितली, हीच चूक झाली.

पुढच्या रविवारी त्याच लाटांवर तो पडला. पुढचं चाक एका लाटेच्या माथ्यावर हलकं झालं, बोट लिव्हरवर होतंच, नवा ब्रेक क्षणात चावला आणि चाक थांबलं. ते थांबलेलं चाक पुढच्या लाटेच्या चढावर आदळलं आणि हँडल हातातून निघून गेलं. डाव्या मनगटाला बारीक चीर गेली, तीन आठवडे प्लास्टर. जुना बोथट ब्रेक त्याला नकळत सांभाळून घेत होता. मी त्याची धार वाढवली, पण चाक जमिनीवर टेकून राहील याची काहीच सोय केली नाही.

दवाखान्यातून आल्यावर तात्या मला एका शब्दानेही बोलले नाहीत. गाडी टेम्पोतून आणून गॅरेजच्या दारात ठेवली आणि म्हणाले, "आता तुमीच बघा." ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मोबाईलमध्ये काय दिसलं

पोराच्या मित्राने पडण्याच्या आठवडाभर आधीच्या दोन चकरांचं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं होतं, सेकंदाला २४० फ्रेमचं. गाडी दारात आली त्या रात्री मी ते पाहिलं, आणि पुढचे दोन दिवस पाहतच राहिलो.

पहिल्या लाटेवर मागचं चाक नीट वर गेलं, नीट खाली आलं. दुसऱ्या लाटेवरही तेच. तिसऱ्या लाटेपासून चाक खाली यायला उशीर होऊ लागला. ते खड्ड्यात उतरायच्या आत पुढची लाट आलेली असायची. चौथ्या-पाचव्या लाटेला मागचा शॉकअप दबलेलाच राहिला होता, आणि दबलेल्या शॉकअपवर बसलेला दणका थेट सीटला. मागचा भाग उडाला. आणि मग मला जे दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. हवेतल्या त्या मागच्या चाकाचे स्पोक मोजता येत होते. चाक फिरतच नव्हतं. पाय पॅडलवर होता, टायरखाली माती नव्हती, म्हणून चाक हवेतल्या हवेत थांबलं होतं. गिअर टाकलेला, क्लच सोडलेला, त्यामुळे चाकाबरोबर इंजिनही बंद. खाली आलं ते थांबलेलं चाक, आणि मातीवरून घसरत गेलं. ११ लाटांपैकी पाच लाटांवर मागचं टायर जमिनीला लागलंच नव्हतं.

थोडा हिशेब केला. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. लाटा १.४ मीटरवर. म्हणजे पट्ट्याच्या सुरुवातीला सेकंदाला दहा दणके. शॉकअपला दबून परत लांब व्हायला एका सेकंदाचा दहावा भागच मिळतो. वेग निम्मा झाला की दुप्पट वेळ मिळतो, म्हणून शेवटच्या लाटांवर गाडी तुलनेने शांत होती.

दुसरा हिशेब वजनाचा. गाडी १०७ किलो, पोरगा बूट-हेल्मेटसकट ६५. उभ्या गाडीत साधारण निम्मं, म्हणजे ८५ किलोच्या आसपास, मागच्या चाकावर येतं. जोरात ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं आणि मागे माझ्या अंदाजाने जेमतेम ४० किलो उरतं. त्या ४० किलोच्या जोरावर चाकाने दर दणक्यानंतर खड्ड्यात उतरायचं आणि मातीला चिकटून राहायचं. ब्रेक कितीही भारी असला तरी तो थांबवतो फक्त चाक. गाडी थांबवते ती टायरखालची माती. टायर मातीवर नसेल तर कॅलिपरमध्ये काय बसवलंय याला काही अर्थच उरत नाही.

मागची बाजू सुरुवातीच्या लाटांवर ठीक आणि तिसऱ्या-चौथ्यापासून बिघडत जाते, ही फार कामाची खूण आहे. रिबाउंड म्हणजे दबलेला शॉकअप परत लांब होणं; त्याचा वेग स्क्रूने ठरतो. पहिल्याच लाटेला मागचा भाग उडत असेल तर रिबाउंड जास्त मोकळा असण्याची शक्यता असते, स्प्रिंग दणक्यासरशी परत फेकते. दोन-तीन लाटांनंतर बिघडत असेल तर उलटं, रिबाउंड जास्त आवळलेला किंवा कुठेतरी काहीतरी अडकतंय. बघणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दिसतं, गाडी मागून उचलते. म्हणून पोरं अंदाजाने स्क्रू फिरवतात आणि निम्म्या वेळा चुकीच्या बाजूला फिरवतात.

प्रत्यक्ष काम

मनगट बरं व्हायला तीन आठवडे होते. घाई नव्हती, आणि ते फार बरं झालं.

गाडी स्टँडवर घेतली, शॉकअप काढला आणि मोकळा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, हाताने वर-खाली केला. तो स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. आला नाही. मध्येच थांबला, बोटाने ढकलल्यावर करकरत खाली गेला. चिमटा आणि शॉकअप जोडणारं लिंकेज उघडलं तर आतल्या नीडल बेअरिंगच्या सुया गंजून लाल झालेल्या. एका बेअरिंगमधल्या सुया तर एकमेकींना चिकटून एक कडंच झालं होतं. दर रविवारी सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली जायची. ते पाणी सील ओलांडून आत जात होतं आणि ग्रीस वाहून नेत होतं. बेअरिंग पुण्याहून मागवली. एक बुश झिजला होता, तो एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतला. सगळं वॉटरप्रूफ ग्रीस भरून बसवलं. आता चिमटा बोट काढलं की सरसर खाली यायचा.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते. हे खरं तर गाडी आली त्या दिवशीच मोजायचं असतं. मागचं चाक अधांतरी ठेवून अॅक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्यायचं. मग गाडी जमिनीवर, रायडर पूर्ण कपड्यात वर, पुन्हा तेच माप. दोन्हींतला फरक म्हणजे रायडरचा सॅग. मागच्या बाजूला ३०० मिलिमीटरच्या आसपास हालचाल असलेल्या या गाड्यांत तो साधारण १०० ते १०५ मिलिमीटर हवा. इथे ८६ आला. मागची बाजू उंच, सगळा भार पुढे. ब्रेक लावायच्या आधीच मागचं चाक हलकं.

प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, रिंग सैल करत करत सॅग १०४ वर आणला आणि पोराला खाली उतरवून नुसत्या गाडीचा सॅग घेतला. तो साधारण ३० ते ४५ च्या दरम्यान यावा लागतो. आला ५०. रायडरचा सॅग बरोबर आणि नुसत्या गाडीचा जास्त, याचा अर्थ स्प्रिंग या रायडरसाठी कडक आहे. स्प्रिंग पुसून बघितली तर वर कडकपणाचा ५.८ चा आकडा. नव्वद किलोच्या माणसाने स्वतःसाठी बसवून घेतलेली स्प्रिंग! आणि ती कडक स्प्रिंग आवरायला त्याने रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद करून तिथून फक्त पाच क्लिक, म्हणजे पाच टप्पे, उघडा ठेवला होता. गंजलेलं लिंकेज, आवळलेला रिबाउंड आणि उंच मागची बाजू, तिन्ही एकत्र आल्यावर चाक खड्ड्यात उतरणार कसं?

इथे पुन्हा निर्णयाचा प्रश्न आला. जुन्याच स्प्रिंगवर रिबाउंड मोकळा करून वेळ मारून नेता आली असती, पैसेही वाचले असते. पण मोकळ्या रिबाउंडबरोबर कडक स्प्रिंगचा लाथाडा वाढला असता. मी तात्यांना सरळ सांगितलं, मोठ्या डिस्कचे तीस हजार वाचलेत, त्यातले निम्म्याहून कमी स्प्रिंगला लागतील. ५.० ची स्प्रिंग मागवली. ती बसवल्यावर रायडरचा सॅग १०४ आणि नुसत्या गाडीचा ४१ आला. रिबाउंड १२ क्लिक उघडला.

पुढच्या शॉकअपला स्प्रिंग बरोबर होती, पण कम्प्रेशन, म्हणजे शॉकअप किती सहज दबेल ते ठरवणारा स्क्रू, जवळजवळ पूर्ण आवळलेलं होतं. ब्रेक लावल्यावर गाडी नाक खुपसते म्हणून पोराने स्वतःच आवळलं होतं. नाक खुपसण्याचं खरं कारण मागची उंच बाजू होती. आवळल्याने पुढचं चाकही लाटांवरून टणाटणा उडायला लागलं. प्लास्टर निघाल्यावर शॉकअपच्या नळीवर केबल टाय बांधून बघितलं. पूर्ण चकरेत ६० मिलिमीटर हालचाल न वापरता शिल्लक राहत होती. कम्प्रेशन चार क्लिक सोडलं आणि वरच्या स्क्रूतून साठलेली हवा काढली.

चेनही जास्त ताणलेली होती. ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. मागचा शॉकअप दबत जातो तशी एका जागी चेन सगळ्यात ताणते. तिथे ढील उरली नाही तर चेनच चिमट्याला धरून ठेवते. ती सैल केली. टायरमध्ये दगडांच्या भीतीने २० पीएसआय हवा भरलेली असायची. जाड ट्यूब टाकली, टायर रिमवर सरकू न देणारा रिम लॉक तपासला आणि १४ वर आणली.

मागचा ब्रेक

'पंधरा मिंटांनी पॅडल खाली जातंय' ही तक्रार मात्र खरोखर ब्रेकचीच होती, आणि पहिल्या दुरुस्तीत मी पुढच्याच ब्रेकमागे लागून ती बाजूला ठेवली होती. मागच्या डिस्कवर निळसर झाक होती, म्हणजे ती भयंकर तापत होती. ब्रेकच्या छोट्या टाकीतलं ऑइल चहासारखं तपकिरी.

कारण पॅडलच्या उंचीत होतं. आधीच्या मालकाच्या बुटासाठी पॅडल उंच लावलेलं. या पोराचा पाय लहान, उभा राहिला की बुटाचं टोक आपोआप पॅडलवर टेकायचं. त्यातून मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाच्या, दांडीला अजिबात मोकळीक ठेवलेली नव्हती. मोकळीक नसली की ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक उघडत नाही. ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही म्हणून पॅड आणखी दाबतं, डिस्क आणखी तापते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि तसं मुरलेलं ऑइल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते. पॅडल खाली जातं ते त्यामुळे.

पॅडल खाली घेतलं, दांडीला थोडी मोकळीक दिली, ऑइल बदललं. डिस्कची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापापेक्षा जास्त होती, म्हणून ती तशीच ठेवली. सगळं मिळून दीड तासाचं काम. पडण्याच्या आधी केलं असतं तर निदान ही एक तक्रार तरी सुटली असती.

रायडरची बाजू

मी रायडर नाही. म्हणून इथे मी पूर्वी मोटोक्रॉस पळवलेल्या माझ्या एका मित्राला माळावर बोलावलं. गाडी सुरूच करू न देता त्याने पोराला तो पट्टा दोनदा चालत पार करायला लावला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला लाटा निम्म्या खोलीच्या होत्या. पोराने वर्षभरात तिकडे पाहिलं नव्हतं, कारण सगळे आतूनच जातात.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला फार पटली. लाटा सुरू व्हायच्या आधी सात-आठ मीटर माती सपाट आहे, जोराचा ब्रेक तिथे लाव. लाटांत शिरताना बोट थोडं ढिलं कर आणि उरलेला वेग लाटांवर हळूहळू उतरव. पोरगा नेमकं उलटं करत होता. सपाटीवर नुसता हलका ब्रेक, आणि पहिली लाट आली की दोन्ही ब्रेक जोरात. बाकीचं साधं होतं. उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची म्हणजे हातावर भार येत नाही, बूड मागे, मागचा ब्रेक लावताना क्लचवर एक बोट, सीटवर बसायचं ते वळणाच्या तोंडाशी. पोराला टाकी गुडघ्यांनी धरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन रविवार त्यातच गेले.

निष्पत्ती

तिसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला आम्ही मोजमाप केलं. कडेला काठ्या रोवून त्यांना लाल फडकी बांधली. तो ब्रेक लावायला लागायचा ती जागा आता वळणापासून २२ मीटरवर आली होती. आधी २८ होती. पट्ट्यात इंजिन एकदाही बंद पडलं नाही, आणि वीस मिनिटांनंतरही पॅडल जागेवर होतं.

माझ्या मनात शंका होती की हा फरक गाडीचा की चालवण्याचा. म्हणून त्याच तासात, तोच ट्रॅक ओला असतानाच, मी त्याला न सांगता रिबाउंड पुन्हा पाच क्लिकवर नेला. काय बदललंय ते कळू दिलं नाही, पण काहीतरी बदललंय हे सांगितलं आणि चार चकरा दमाने मारायला लावल्या. मनगट नुकतंच बरं झालेलं होतं, त्यामुळे तेवढी खबरदारी हवीच होती. दुसऱ्याच चकरेला तो थांबला. "दादा, मागची बाजू पुन्हा जड पडलीया, चौथ्या बंपला उचालती." पुन्हा १२ वर आणल्यावर हसला. वेगळ्या दिवशीच्या वेळा लावून तुलना करण्यापेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास आहे, कारण ट्रॅक रोज बदलतो.

सगळं सुटलं असं नाही. अकरानंतर, माती विटेसारखी झाल्यावर, शेवटच्या दोन लाटांवर पुढचं चाक अजून थोडं टणकतं. पहिल्या पावसानंतर काळी माती टायरला चिकटायला लागली की हे आकडे तसेच चालतील असं मी धरून चाललेलो नाही.

आज तीच गाडी पुन्हा आली तर

पहिल्या दिवशी पाने काढायच्या आधी टेप काढेन. रायडरचं वजन, सॅग, नुसत्या गाडीचा सॅग, सगळे क्लिक पूर्ण बंद करून मोजलेले, हे एका कागदावर. आधीच्या मालकाचं वजन विचारेन. सेकंडहँड मोटोक्रॉस गाडी ही कुणातरी दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने शिवलेली असते. मला ते पहिल्या दिवशी कानावर आलं होतं आणि मी ते ब्रेकच्या गप्पांत विसरलो.

व्हिडिओ आधी मागेन. पडण्याआधीची ती क्लिप आठवडाभर पोराच्या मित्राच्या मोबाईलमध्ये होती, मी विचारलीच नाही.

पुढचे सिंटर्ड पॅड टाकेन, पण शेवटी. आज तेच पॅड त्या गाडीत आहेत आणि पोरगा त्यांच्यावर खूष आहे. पॅड चांगले होते, टाकायची वेळ चुकली. आणि एका वेळी एकच बदल करेन. लिंकेज, स्प्रिंग, रिबाउंड आणि टायरची हवा एकदम बदलल्यामुळे, कशाने किती फरक पडला हे मला आजही रिबाउंड सोडून छातीठोकपणे सांगता येत नाही. पोराचे तीन आठवडे प्लास्टरमध्ये जात असताना माळावर चाचणी शक्यच नव्हती, हे खरं. पण नंतर लिंकेजचं काम झाल्यावर जुन्या स्प्रिंगवर एक रविवार काढता आला असता.

तात्यांशीही वेगळं बोलेन. ते पोराच्या काळजीने मोठी डिस्क मागत होते. त्यांना मी नको म्हणालो, पण का नको ते डांबरावर गाडी थांबवून दाखवलं. मातीत नेऊन दाखवायला हवं होतं.

धुण्याचं आता ठरलं आहे. लिंकेजवर आणि चाकांच्या बेअरिंगवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही, आणि दर दोन महिन्यांनी लिंकेज उघडून ग्रीस भरायचं. गेल्या आठवड्यात पोरगा त्यासाठीच आला होता. बेअरिंग स्वच्छ निघाली. सॅग मोजला तर १०८ आला. नवी स्प्रिंग थोडी बसली होती. रिंग एक फेरा आवळली, १०४ वर आणली, कागदावर तारीख लिहिली आणि गाडी टेम्पोत चढवून दिली.